मिठाच्या मोलाची आगगाडी
(गोव्याच्या जुन्या वाटा, पूल आणि लोहमार्ग यांविषयी)

बेळगावहून लोंढ्यावरून गोव्यास जाणारी गाडी कॅसलरॉक स्थानक सोडून घाट उतरू लागली, की डब्यातील झोपलेली माणसेही उठून बसतात. मुले खिडक्यांशी गर्दी करतात. एकामागून एक बोगदे येतात, गाडीत अंधार होतो, पुन्हा उजेड पडतो, आणि एका वळणावर दूधसागराचा धबधबा समोर उभा राहतो. सुमारे ३१० मीटर उंचीवरून पडणाऱ्या त्या पाण्याच्या मधूनच आपली गाडी पुलावरून जाते. पावसाळ्यात त्याचे तुषार डब्यात येतात. दोन मिनिटे सर्वजण गप्प असतात, मग डबे उघडून फराळ सुरू होतो.

धबधबा सर्वांनी पाहिलेला आहे. परंतु या निबिड रानात हे रूळ कोणी घातले, कशासाठी घातले आणि त्याचे मोल कोणी चुकते केले, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचे मूळ गाव, कुलदैवत किंवा निदान एखादे सोयरे-धायरे घाटाखाली आहेत. तेव्हा या वाटेचा इतिहास आपल्या घरचाच आहे असे समजून तो थोडा सविस्तर पाहावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. त्याचे सूत्र एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द मीठ हा आहे. ते कसे, हे क्रमाने पुढे येईल.

गोव्याच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे आणि पश्चिमेस समुद्र. मधला मुलूख मांडवी, जुवारी, शापोरा, साळ, तळपण अशा नद्यांनी व त्यांच्या खाड्यांनी चिरलेला आहे. अशा प्रदेशात जुन्या काळी खरा हमरस्ता म्हणजे नदी. मनुष्य असो की नारळ, होडीत बसून भरतीबरोबर वर जावयाचे आणि ओहोटीबरोबर खाली यावयाचे. जमिनीवरून लांबचा प्रवास करावयाचा तो घाट चढण्यासाठीच. रामघाट, चोर्ला, केळघाट, तिनई घाट, दक्षिणेस दिघी घाट या त्या वाटा होत. यांपैकी तिनई घाटाचे नाव लोंढ्याच्या बाजूच्या एका रेल्वे स्थानकाला आजही आहे.

या वाटा किती जुन्या असाव्यात याची साक्ष पाहावयाची असेल, तर मोले गावापासून आत रानात तांबडी सुर्ला येथे जावे. तेथे कदंबांच्या काळातील महादेवाचे एक लहानसे, अत्यंत रेखीव देऊळ आहे. गोव्यात घरे-देवळे बांधावयाची ती जांभ्या दगडात. हे देऊळ मात्र काळ्या दगडाचे आहे, आणि तो दगड घाटावरून आणला असावा असे अभ्यासक मानतात. आज जेथे दुपारीही रातकिड्यांचा आवाज ऐकू येतो, तेथे कोणे एके काळी एवढे देऊळ बांधण्याइतका राबता होता. घाटाच्या पायथ्याशी वाटसरूंचा मुक्काम पडत असल्याशिवाय हे घडणे कठीण.

या राबत्यात काय होते? खालून वर जाणाऱ्या मालांत मुख्य जिन्नस होता मीठ. गोव्यातील खाड्यांच्या काठी खारे पाणी अडवून जी सखल शेते केली आहेत त्यांना खाजन म्हणतात. बांध घालावयाचा, बांधाला मानस म्हणजे पाण्याचा दरवाजा ठेवावयाचा आणि भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत घ्यावयाचे किंवा बाहेर सोडावयाचे. त्याच खाजनांच्या जवळ मिठागरे. पावसाळा सरला की मिठगावडे लोक वाफे नीट करून चिखल तुडवून तळ घट्ट करीत. मग भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवीत न्यावयाचे. प्रत्येक वाफ्यात ते उन्हाने अधिक खारे होत जाते आणि शेवटच्या उथळ वाफ्यात त्याचे मीठ बसते. फाल्गुन-चैत्रापासून पहिला पाऊस पडेपर्यंत हा हंगाम. समुद्र फुकट, ऊन फुकट. लागत असे ती फक्त पाठ आणि पाय.

हे मीठ लमाण लोकांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून घाटावर नेत आणि वरून धान्य व इतर माल खाली आणीत. घाटावरच्या बाजारात गोव्याचे मीठ म्हणजे रोजच्या ओळखीची वस्तू होती. सीमा पोर्तुगीजांची असो की आणखी कोणाची, बैल ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येई.

आता घाट क्षणभर बाजूस ठेवून पणजीकडे वळू. कारण गोव्यातील जुन्या रस्त्यांचा सर्वांत नामांकित नमुना तेथे आहे आणि त्याचाही मिठाशी संबंध आहे.

पणजीहून जुन्या गोव्यास जाताना रायबंदरपर्यंत जो सरळ, पाण्यालगतचा, सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता लागतो, तो प्रत्यक्षात एक सेतू आहे. व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास तो बांधला गेला, म्हणून त्यास लिन्यारिशचा पूल म्हणतात. दोन्ही बाजूंना दलदल, खाजने आणि मिठागरे. मधून दगडी भराव व कमानी घालून हा मार्ग काढलेला. गंमत अशी, की ज्या पणजीस पोहोचण्यासाठी हा एवढा खटाटोप केला ती पणजी तेव्हा एक लहानसे गाव होती. राजधानी जुन्या गोव्यास होती आणि पणजीला अधिकृतपणे राजधानीचा मान मिळाला तो १८४३ मध्ये, म्हणजे सेतूनंतर दोनशे वर्षांनी. शहर आधी आणि रस्ता मागून, असा नेहमीचा क्रम. येथे तो उलटा झाला. शहाजहान बादशहाच्या वेळी घातलेल्या या भरावावरून आज मोटारी आणि बस धावतात. आपल्याकडे काल केलेला रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो, हे आठवून या बांधकामाकडे पाहिले म्हणजे गवंड्यांना नमस्कार करावासा वाटतो.

या सेतूवरून चाके मात्र फार काळ क्वचितच फिरली. श्रीमंतांचे वाहन मंचील. भोयांनी खांद्यावर घ्यावयाची ही पालखीची धाकटी बहीण. सामान्यजन पायी किंवा होडीने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे वगैरे मुलूख पोर्तुगीजांकडे आले. या ‘नव्या काबिजादी’ होत. त्यामुळे राज्याची हद्द सह्याद्रीला भिडली. पण रस्ते लगेच तिच्या मागोमाग गेले नाहीत. पुढे मोटारी आल्या, तेव्हा प्रवासी गाडीला लोकांनी ‘कारेर’ हा पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द जोडला, आणि नदी ओलांडणाऱ्या यांत्रिक होडीला ‘गाझोलीन’ म्हणू लागले.

येथे एक मौजेची गोष्ट सांगून पुढे जाऊ. १९२८ साली पोर्तुगालने आपल्या देशातील वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूस नेली. परंतु गोव्यात ती डावीकडेच राहिली. कारण उघड आहे. सीमेपलीकडे सारा हिंदुस्थान डावीकडून चालत होता. नाक्यावर प्रत्येक गाडीने बाजू बदलावयाची म्हणजे रोज अपघात. मकाव व मोझांबिक येथेही याच कारणाने डावी बाजू कायम राहिली. लिस्बनचा हुकूम जगभर चाले, पण शेजाऱ्याच्या रस्त्यापुढे त्याला नमते घ्यावे लागले.

आता आगगाडीकडे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हिंदुस्थानात रूळ भराभर पडू लागले. बेळगाव, धारवाड या भागातील कापूस व इतर माल तेव्हा आंबोलीच्या घाटाने वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे. वेंगुर्ले हे पावसाळ्यात बंद पडणारे, उघडे बंदर. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेस मुरगाव येथे खोल पाणी व वाऱ्यापासून आडोसा देणारी जागा होती. तेथे धक्का बांधून घाटावर रूळ चढविले, तर दक्षिण महाराष्ट्राचा व कर्नाटकाचा माल बारमाही समुद्रावर येईल, ही कल्पना पोर्तुगीजांना व इंग्रज व्यापाऱ्यांना दोघांनाही पटली. अडचण एकच. रुळाचा खालचा अर्धा भाग एका राजाच्या मुलखात आणि वरचा दुसऱ्याच्या. दोन सरकारांचा करार झाल्याशिवाय काम होणे शक्य नव्हते.

आणि इंग्रज सरकारला गोव्याकडून एक गोष्ट हवीच होती.

त्या काळात मिठावरील कर हे इंग्रजी तिजोरीचे मोठे उत्पन्न होते. हा कर बुडू नये म्हणून उत्तर व मध्य हिंदुस्थानात हजारो मैलांची जकातरेषा आखून तिच्यावर काटेरी झुडपांचे कुंपण वाढविलेले होते. पहाऱ्याला हजारो शिपाई. एका देशाच्या पोटातून मिठासाठी कुंपण जावे, ही गोष्ट आज ऐकूनही खरी वाटत नाही. निरनिराळ्या प्रांतांतील मिठाचे कर सारखे करीत आणून व मिठाची उगमस्थानेच ताब्यात घेऊन हे कुंपण १८७९ मध्ये सरकारने मोडले. ही व्यवस्था पुरी व्हावयाची तर पश्चिम किनाऱ्यावरील एक भोक बुजविणे भाग होते. ते भोक म्हणजे गोवा. तेथे मीठ स्वस्त, आणि घाटाच्या वाटा अनेक. रानातून बैल हाकणाऱ्या लमाणाला कोठे कोठे अडवावे?

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्रज-पोर्तुगीज करार झाला आणि तो १८८० च्या जानेवारीपासून बारा वर्षांसाठी अमलात आला. त्याने दोन मुलखांमधील जकात उठली. माल मोकळेपणी इकडून तिकडे जाऊ लागला. मुरगावहून घाटावर लोहमार्ग नेण्याचे ठरले. हे सर्व कागदावर उत्तमच होते. परंतु त्याच कागदात गोव्यातील मीठ तयार करण्यावर व विकण्यावर इंग्रजी खात्याची सत्ता आली. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लक्ष रुपये मिळावयाचे होते. मिठाबरोबर दारूवरील कराची नवी व्यवस्थाही आली आणि माडाची सूर काढून पोट भरणारा मनुष्य कराच्या जाळ्यात सापडला.

चार लक्ष रुपये मिळाले ते सरकारला, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. मिठगावड्याला काय मिळाले? अनेक मिठागरे बंद झाली. जी राहिली, त्यांवर पहारा बसला. आपल्याच गावच्या खाडीचे, आपल्याच पायांनी तुडवून केलेले मीठ घरात ठेवणे हा गुन्ह्याचा विषय झाला. लमाणांच्या बैलांचा हक्काचा माल गेला. पुढे पन्नास वर्षांनी, १९३० साली, महात्माजींनी दांडी येथे मूठभर मीठ उचलले तेव्हा त्याचा अर्थ सगळ्या जगाला कळला. पण गोव्याच्या खाजनात तो अर्थ आधीच कळून चुकला होता. त्याची बातमी मात्र कोणी छापली नाही.

लोहमार्गाचे काम वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे या कंपनीने घेतले. कंपनी लंडनची, भांडवल बहुतांशी इंग्रजांचे, नाव पोर्तुगीजांचे आणि मजुरी येथली. भांडवलावर ठरावीक व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. हमी म्हणजे काय, हे तरुण वाचकांसाठी सांगतो. रेल्वेने कमावले तर भागधारकांना त्यातून व्याज मिळावयाचे. न कमावले तर तूट सरकारने भरून द्यावयाची. हिंदुस्थानातील पहिल्या रेल्वे कंपन्यांनाही अशीच हमी होती. भागधारकाला धोका नाही आणि रयतेला सुटका नाही, अशी ही योजना. मिठापोटी येणारी चार लक्षांची रक्कम या हमीसाठीच लावून दिली गेली. म्हणजे मिठगावड्याचे मीठ गेले, त्याचे पैसे सरकारकडे आले आणि तेथून ते लंडनला भागधारकांच्या खिशात गेले. रूळ राहिले ते तेवढे गोव्यात.

१८८७ साली मुरगावपासून सावर्ड्यापर्यंत गाडी सुरू झाली. १८८८ साली घाट चढून ती सरहद्दीपर्यंत पोहोचली आणि कॅसलरॉक येथे सदर्न मराठा रेल्वेला मिळाली. गोव्याच्या हद्दीतील मार्गाची लांबी ५१ मैल, म्हणजे सुमारे ८२ किलोमीटर. रूळ मीटरगेज. वाटेवरील स्थानकांची नावे वाचली तरी गोव्याचा अर्धा इतिहास हाती लागतो. चांदर हे प्राचीन चंद्रपूर, जेथे पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतके आधी राजधानी होती. सावर्डे हे स्थानक प्रत्यक्षात कुडचड्यात आहे. नदीच्या एका काठाचे नाव दुसऱ्या काठावर जाऊन बसले आहे. आणि ज्या घाटाला शेकडो वर्षे आपली नावे होती, त्याला रेल्वेने पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ‘ब्रागांझा घाट’ हे नाव दिले. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही संपली, ते घराणे पदच्युत झाले. रेल्वेच्या बोलण्यात मात्र ते अजून घाटात राज्य करीत आहे.

कुळे ते कॅसलरॉक हा घाटाचा भाग सुमारे २६ किलोमीटरचा आहे आणि त्याचा चढ ३७ ला १ असा आहे. सदतीस मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते म्हणून रेल्वेच्या दृष्टीने तो फार कडक. मुंबई-पुण्याच्या बोरघाटातही हेच प्रमाण आहे. चढताना मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. परंतु खरी कसोटी उतारावर असते. हजार-दोन हजार टनांचा बोजा खाली धाव घेऊ पाहतो आणि त्याला ब्रेकनेच धरून ठेवावे लागते. म्हणून घाटात गाड्या थांबवून ब्रेक तपासतात. शिवाय जागोजागी चढावर वळविलेला एक फाटा असतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच तर ती त्या फाट्यावर चढून आपोआप मंदावते. आपण पुरीभाजी खात असतो तेव्हा इंजिनवाले हा हिशेब करीत असतात.

इतके सारे करून कमाई झाली का? अपेक्षेइतकी नाही. थोड्याच वर्षांत पुण्याकडून मिरज, बेळगाववरून रूळ लोंढ्यास आले आणि घाटावरच्या मालाला मुंबईची वाट मोकळी झाली. मुंबई हे मोठे बंदर, तेथे पेढ्या, दलाल, गिरण्या. कापसाच्या गाठी मुरगावकडे थोड्याच वळल्या. वेंगुर्ल्याचा व्यापार मात्र या ओढाताणीत बसला तो बसलाच. १८९२ साली कराराची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. गोव्याच्या मिठाला मात्र घाटावरची जुनी गिऱ्हाइकी पूर्वीसारखी परत मिळाली नाही. व्याजाची हमी तशीच चालू होती. १९०२ मध्ये हा मार्ग चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले.

व्यापाऱ्यांनी जी गाडी फारशी वापरली नाही, ती माणसांनी वापरली. तिच्यातून आचारी, शिंपी, वाजंत्री, गवई, नाटकवाले आणि शिक्षणासाठी निघालेली मुले घाट चढून वर आली. बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई येथील गोमंतकीय वस्त्या वाढल्या त्या याच वाटेने आणि किनाऱ्याच्या आगबोटींनी. जाताना-येताना दोन ठिकाणी सामान उघडावे लागे. कुळे येथे पोर्तुगीज जकात आणि कॅसलरॉक येथे इंग्रजी. लुगडे नवे की नेसलेले, यावर चाललेल्या वादांच्या गोष्टी जुन्या मंडळींच्या तोंडून पुष्कळांनी ऐकल्या असतील.

याच कुळे स्थानकावर १९४६ च्या सप्टेंबरअखेर डॉ. राममनोहर लोहिया यांना पकडण्यात आले. त्याच वर्षी १८ जूनला मडगावच्या सभेने त्यांनी गोव्यात नागरी स्वातंत्र्याची चळवळ पेटविली होती. हद्दपार केल्यावर ते पुन्हा गोव्यात येण्यास निघाले ते आगगाडीने, आणि गोव्याच्या दारातच त्यांना अडवून आग्वादच्या किल्ल्यात डांबले. पुढे १५ ऑगस्ट १९५५ रोजी ठिकठिकाणच्या सीमेवरून निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले. काही तुकड्या रुळांच्या वाटेने आल्या. त्यांच्यावर गोळीबार झाला, अनेकांनी प्राण गमावले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि घाटातील गाडी थांबली.

सहा वर्षांहून अधिक काळ कॅसलरॉक व कुळे यांमधील रुळांवर प्रवासी गाडी धावली नाही. इतिहासाच्या पुस्तकात ही ‘आर्थिक नाकेबंदी’ असते. घराघरांत तिचे रूप वेगळे होते. घाटावर दिलेल्या लेकीला माहेरच्या मयतीस जाता आले नाही. मंगेशी-शांतादुर्गेच्या पायांवर घालावयाची बाळे शाळेत जाऊ लागली तरी नवस फिटला नाही. गोव्यात तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून आणि बटाटे हॉलंडमधून बोटीने येत. दाबोळी येथे विमानतळ झाला तो याच काळात. लोखंडाच्या खाणी जोरात होत्या. खनिज पडावांत भरून मांडवी-जुवारीतून मुरगावास उतरे व तेथून परदेशी जाई. म्हणजे रूळ बंद पडताच गोवा पुन्हा आपल्या जुन्या हमरस्त्यांकडे, नद्यांकडे, वळला.

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात उतरले, तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीज तुकड्यांनी बाणस्तारीसह अनेक पूल उडवून दिले. १८ तारखेस संध्याकाळी जवान बेती येथे मांडवीच्या काठी पोहोचले होते. समोर पणजी दिसत होती, पण मध्ये नदी. १९ डिसेंबरला सकाळी त्यांनी ती होड्यांतून ओलांडली. गोवा मुक्त झाला आणि पुढे घाटातील गाडीही पुन्हा सुरू झाली. जकातीची टेबले उठली.

त्यानंतरचा इतिहास वाचकांच्या स्मरणातील आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. मांडवीवर मोठा पूल झाला, तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि कित्येक वर्षे लोक पुन्हा फेरीबोटींत उभे राहून पणजीस गेले. साडेतीनशे वर्षांचा लिन्यारिशचा सेतू तेवढा जवळच जागेवर होता. मीटरगेज जाऊन १९९० च्या दशकात मुरगावचा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याच सुमारास कोकण रेल्वे आली व २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. तिची आखणी गोव्यात खाजनांतून जाते, भरावांमुळे भरतीचे पाणी कोंडेल, म्हणून तेथे मोठा विरोध झाला होता आणि काही काळ कामही थांबले होते. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ मातीने इंजिनिअरांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. कोकण रेल्वेने मुंबई जवळ आणली, यात शंका नाही. पण घाटाने येणाऱ्याला मुरगावचा जुना मार्गच जवळचा.

त्या जुन्या मार्गाचा प्रश्न अलीकडे पुन्हा ऐरणीवर आला. कुळे-कॅसलरॉक येथे दुसरा रूळ घालावयाचा, अशी योजना होती. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा याच घाटाने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. दुसरा रूळ झाला म्हणजे मोले येथील अभयारण्याची झाडे जाणार आणि कोळशाच्या गाड्या वाढणार, असे म्हणून गोव्यातील पुष्कळ लोक, त्यांत विशेषेकरून तरुण मंडळी, रस्त्यावर आली. मे १९२२ मध्ये नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनी, मे २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या दुसऱ्या रुळास वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. मुद्दाम शतकाचा उल्लेख एवढ्यासाठी, की १८७८ चा करार लिस्बनमध्ये झाला तेव्हा मिठगावड्याला कोणी विचारले नव्हते. १९२२ मध्येही विचारले नसते. या खेपेस वाटेखालच्या लोकांचे म्हणणे न्यायालयात ऐकले गेले. दुहेरीकरण व्हावे की नाही, याबद्दल मतभेद असू शकतात. आम्हां बेळगावकरांना तर गाड्या वाढलेल्या हव्याच आहेत. पण विचारले गेले, हा फरक लहान नव्हे.

सुट्टीत मुलांना घेऊन गोव्यास जाणाऱ्यांनी एक दिवस समुद्रावरून काढून या जुन्या वाटांसाठी ठेवावा. तांबडी सुर्ल्याचे देऊळ पाहावे. रायबंदरच्या सेतूवर पायी चालावे आणि कडेच्या पाणथळीत बांधांच्या जुन्या रेघा दिसतात का ते पाहावे. आगरवाडा, बाती अशा गावांकडे थोडी मिठागरे अजून शिल्लक आहेत. चैत्र-वैशाखात गेल्यास वाफ्यांच्या बांधावर मिठाच्या राशी दिसतात. ते मीठ करडे, जाड आणि किंचित ओलसर असते. लोणच्याला उत्तम. दोन-चार किलो पिशवीत भरून घ्यावे. परतीच्या गाडीत ते बाकाखाली ठेवले की कुळ्याला किंवा कॅसलरॉकला आता पिशवी कोणी उघडावयास सांगत नाही.